इनामगाव का ओस पडले? लोणारच्या तळातील एका दुर्मीळ खनिजाची साक्ष

१/ इ.स.पू. ७०० च्या सुमारास शिरूर तालुक्यातील घोड नदीच्या काठावरचे एक गाव कायमचे ओस पडले. तिथे सुमारे नऊशे वर्षे माणसे राहिली होती. त्यांनी घरे बांधली, जव पेरले आणि आपली मुले घराच्या जमिनीखाली पुरली. आज ती जागा इनामगाव म्हणून ओळखली जाते. गाव का सुटले, या प्रश्नाला बहुतेक पुस्तके एका शब्दात उत्तर देतात, ‘दुष्काळ’. मित्रहो, या धाग्यात आपण त्या उत्तराची तपासणी करणार आहोत. साक्षीदार आहे लोणार सरोवराच्या गाळात सापडलेले गेलुसाइट नावाचे एक दुर्मीळ कार्बोनेट खनिज.

२/ आधी भूगोल पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे सरकत गेले की तो झपाट्याने कमी होतो. शिरूर आणि दौंड हे तालुके या पर्जन्यछायेत येतात आणि तिथली वार्षिक सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास राहते. मात्र या कोरड्या भूमीतून वाहणाऱ्या नद्या घाटमाथ्याचे पाणी घेऊन येतात. जुने लोक शिरूरला अजूनही ‘घोडनदी’ म्हणतात. ती घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडच्या कडेने सोलापूरकडे जाते. आभाळ कोरडे आणि नदी दूरच्या पावसावर वाहणारी, हे इथले जुनेच वास्तव आहे. पुढचा सारा विचार याच पायावर उभा आहे.

३/ इनामगावचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यामागची प्रमुख नावे. ताम्रपाषाणयुगातील एक संपूर्ण खेडे समजून घेण्याचा हा भारतातील फार मोठा प्रयत्न होता आणि त्यात शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. वस्तीचे तीन कालखंड ठरवण्यात आले. माळवा संस्कृतीचा काळ इ.स.पू. सुमारे १६०० ते १४००, पूर्व जोर्वे १४०० ते १००० आणि उत्तर जोर्वे १००० ते ७००.

४/ पूर्व जोर्वे काळातले इनामगाव भरभराटीचे दिसते. घरे चौकोनी आणि प्रशस्त होती. जव हे मुख्य पीक होते. गावात कुंभार, धातुकाम करणारे, हस्तिदंतावर काम करणारे आणि चुना भाजणारे कारागीर होते. सर्वांत लक्षवेधी बाब पाण्याची आहे. गावकऱ्यांनी सुमारे २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल चर खोदला होता आणि त्याला लागून दगडमातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध घातला होता. पुराचे पाणी वळवून शेतीला वापरण्याची ही व्यवस्था असावी, असे उत्खननकारांचे मत आहे.

५/ इनामगाव एकटे नव्हते. दौंड तालुक्यात भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ वाळकी येथे याच संस्कृतीची लहान वस्ती सापडली. तिथे जनावराच्या हाडापासून घडवलेल्या आदिम नांगराचा पुरावा मिळाला. म्हणजे आजच्या शिरूर-दौंडच्या काळ्या मातीत तीन हजार वर्षांपूर्वी नांगर चालत होता. हे शेतकरी पावसाच्या लहरीपणाशी अपरिचित नव्हते. चर आणि बांध त्यांनी उगाच घातला नसेल.

६/ उत्तर जोर्वे काळात चित्र पालटते. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. शेतीचा जोर ओसरतो आणि शेळ्या-मेंढ्या व शिकार यांवरची भिस्त वाढते. त्याआधीच, इ.स.पू. १००० च्या सुमारास, गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांतील बहुतेक जोर्वे वस्त्या उठलेल्या असतात. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव आणखी तीनशे वर्षे तग धरते आणि मग तेही रिकामे होते. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या शुष्कतेत शोधले. पाऊस घटला, शेती पडली आणि स्थिर गावकरी अर्धभटके झाले, अशी त्यांची मांडणी होती.

७/ ही मांडणी तर्कशुद्ध आहे. तिच्यात एक अडचण मात्र आहे. गावातील बदलावरून दुष्काळ ठरवायचा आणि मग त्याच दुष्काळाने गावातील बदल समजावून सांगायचा, असे झाले तर विचार वर्तुळात फिरू लागतो. गोल झोपडी दारिद्र्य सांगेल, स्थलांतर सांगेल, कदाचित समाजरचनेतील बदलही सांगेल. पाऊस किती पडला हे ती थेट सांगत नाही. पावसाबद्दल बोलणारा साक्षीदार गावाबाहेरचा हवा, माणसांच्या सुखदुःखाशी संबंध नसलेला. असा साक्षीदार खनिजांत मिळतो.

८/ पाण्याची स्मृती जपणारी खनिजे म्हणजे प्रामुख्याने कार्बोनेटे. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला त्यांतले एक रोज भेटते. विहीर खणताना किंवा नदीकाठच्या गाळात पांढरट, वेडेवाकडे खडे निघतात, त्यांना आपण चुनखडी म्हणतो. पावसाचे पाणी मातीतील आणि खडकातील कॅल्शियम विरघळवते. उन्हाने ओल आटली की ते कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मागे राहते. त्याचे नेहमीचे स्फटिकरूप म्हणजे कॅल्साइट. इनामगावचे चुना भाजणारे असाच कच्चा माल वापरत असणार. पण कॅल्साइट सर्वत्र आहे आणि सर्व काळांत आहे. जो साक्षीदार प्रत्येक ठिकाणी हजर असतो, त्याची हजेरी फारसे काही सांगत नाही.

९/ म्हणून दुर्मीळ खनिजाकडे वळावे लागते. गेलुसाइट हे सोडियम आणि कॅल्शियम यांचे जलयुक्त कार्बोनेट आहे. त्याच्या रचनेत सोडियमचे दोन अणू, कॅल्शियमचा एक, कार्बोनेटचे दोन गट आणि पाण्याचे पाच रेणू असतात. रंग पांढरा, पिवळसर किंवा अजिबात नाही. मोह्‌सच्या मापावर काठिण्य अडीच ते तीन, म्हणजे जवळजवळ कॅल्साइटइतकेच. घनता मात्र पाण्याच्या जेमतेम दुप्पट, त्यामुळे हातात घेतल्यावर तो खडा आकाराच्या मानाने हलका लागतो.

१०/ नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात वायूंच्या नियमांपाशी भेटणारे जोसेफ लुई गे-लुसॅक (१७७८–१८५०) हे फ्रेंच शास्त्रज्ञ सर्वांना ठाऊक असतील. १८२६ मध्ये बुसिंगो या त्यांच्याच देशबांधवाने दक्षिण अमेरिकेतील वेनेझुएलाच्या लागुनिलास या खाऱ्या तळ्यातील खनिजाचे वर्णन केले आणि त्याला गे-लुसॅक यांचे नाव दिले. तिथले स्थानिक लोक या लांबट, टोकदार स्फटिकांना आपल्या बोलीत ‘खिळे’ म्हणत. शास्त्राने नाव दिले त्याआधीच लोकांनी त्याला ओळखले होते.

११/ हे खनिज नाजूक आहे. कोरड्या हवेत ठेवले की त्यातील पाणी हळूहळू उडून जाते, चकाकी जाते आणि खडा भुकटीसारखा होऊ लागतो. गोड्या पाण्यात टाकले तर सोडियम कार्बोनेट विरघळून निघून जाते आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. म्हणजे मूळ खनिज नाहीसे होते आणि त्याच्या जागी कॅल्साइट बसते. त्यामुळे हजारो वर्षे शाबूत राहिलेले गेलुसाइट सापडले, तर ते ज्या गाळात पुरले गेले तिथे गोडे पाणी फारसे शिरले नाही, एवढे नक्की म्हणता येते.

१२/ ते दुर्मीळ का? कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र असले की सहसा आधी कॅल्साइट तयार होते आणि कॅल्शियम संपून जाते. गेलुसाइटला पाण्यात सोडियम कार्बोनेट अतिशय दाट व्हावे लागते आणि त्यातच थोडे कॅल्शियम येत राहावे लागते. ही परिस्थिती बाहेर वाट नसलेल्या क्षारयुक्त तळ्यात, तेही पाणी बरेच आटल्यावर, निर्माण होते. अमेरिकेतील मोनो आणि सर्ल्स ही तळी अशी ठिकाणे आहेत. आपल्या महाराष्ट्रात असे एकच प्रसिद्ध ठिकाण आहे, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार.

१३/ लोणारचे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. पावसाचे, ओढ्यांचे आणि धारेचे गोडे पाणी आत येते. बाहेर जायला वाट एकच, वाफ होऊन आभाळात. बेसाल्टमधून सुटलेले क्षार आतच साठतात. अबुल फज्लने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आइन-ए-अकबरी’मध्ये या परिसरातून काच आणि साबण बनवण्याचे साहित्य मिळते आणि त्यापासून सरकारला उत्पन्न होते, अशी नोंद केली आहे. स्थानिक लोक इथल्या क्षारांचे प्रकार ओळखत आणि त्यांना दल्ला, पापडी अशी नावे देत. १९१२ मध्ये ला तूश आणि ख्रिस्टी यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लोणारचे भूशास्त्र आणि त्याचे क्षार यांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

१४/ आता मुख्य पुराव्याकडे येऊ. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी लोणारच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा उभा नमुना काढला. वरचा गाळ अलीकडचा, खालचा जुना. त्यातील अवशेषांच्या कार्बन-१४ मापनावरून प्रत्येक थराचे वय ठरवले गेले. या एका नळीत गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांची नोंद सापडली. अंबिली अनूप, सुषमा प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ आणि २०१४ मध्ये त्यावरचे निबंध प्रसिद्ध केले. त्यांना दिसले की कॅल्साइट किंवा त्याचेच भावंड ॲरॅगोनाइट जवळजवळ सर्व थरांत आहे. गेलुसाइट मात्र फक्त दोनच पट्ट्यांत आहे.

१५/ ते दोन पट्टे असे. शास्त्रज्ञ १९५० हे वर्ष शून्य धरून मागे मोजतात. पहिला पट्टा ४६३० ते ३८९० वर्षांपूर्वीचा, म्हणजे सुमारे इ.स.पू. २६८० ते १९४०. दुसरा २०४० ते ५६० वर्षांपूर्वीचा, म्हणजे सुमारे इ.स.पू. ९० ते इ.स. १३९०. स्फटिकांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही बाष्पीभवनाचीच साक्ष दिली. या दोन काळांत तळे आकसले होते, पाणी दाट झाले होते आणि मोसमी पाऊस दीर्घकाळ दुबळा होता, असा निष्कर्ष निघाला.

१६/ आता ही कालरेषा इनामगावशेजारी ठेवून पाहा. इनामगावची वस्ती इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली. गेलुसाइटचे पट्टे एक त्याआधी संपतो आणि दुसरा त्यानंतर सहाशे वर्षांनी सुरू होतो. ज्या तीन शतकांत इनामगावची घरे आकसली, शेती खालावली आणि शेवटी गाव रिकामे झाले, त्या तीन शतकांत लोणारचे गेलुसाइट गप्प आहे. आपण ज्याला साक्षीला बोलावले, त्याने आरोपीविरुद्ध एक शब्दही उच्चारला नाही.

१७/ मग ढवळीकर चुकले का? इतक्या घाईने निकाल देऊ नये. गेलुसाइट हा उंबरठ्यावरचा साक्षीदार आहे. तळ्याचे पाणी ठरावीक दाटपणाच्या पलीकडे गेले तरच तो बोलतो. त्याअलीकडे पाऊस मध्यम प्रमाणात घटला तरी तो मौनच पाळतो. शिवाय लोणार आणि इनामगाव यांच्यात कित्येक कोसांचे अंतर आहे. लोणार स्वतःवर पडलेला पाऊस मोजते, तर घोड सह्याद्रीवर पडलेला पाऊस वाहून आणते. एकीकडचे मौन दुसरीकडचा सुकाळ सिद्ध करत नाही. पण एवढे खरे की ‘महादुष्काळाने इनामगाव संपवले’ हे विधान ठामपणे करायला या खनिजाचा आधार मिळत नाही. कारणांची यादी पुन्हा उघडावी लागते. थकलेली जमीन, बदललेले नदीपात्र, इतर वस्त्यांशी तुटलेली देवाणघेवाण आणि मध्यम शुष्कता, यांतील एक किंवा अनेक.

१८/ पहिला पट्टाही सरळ गोष्ट सांगत नाही. इ.स.पू. २६८० ते १९४० हा सिंधू संस्कृतीच्या नगरांच्या वैभवाचा काळ आहे. मोहेंजोदडो आणि धोलावीरा नांदत होती तेव्हा लोणार आटत होते. त्याच काळाच्या उत्तरार्धात, उत्खननकारांच्या कालमापनानुसार, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादची सर्वांत जुनी वस्ती उभी राहिली. कोरडेपणा म्हणजे ऱ्हास हे समीकरण इथेच डळमळते. एका प्रदेशातील पावसाचा आलेख दुसऱ्या प्रदेशातील राज्यांच्या आणि नगरांच्या आलेखावर तसाच्या तसा बसत नाही.

१९/ खरा धक्का दुसरा पट्टा देतो. इ.स.पू. ९० ते इ.स. १३९० या दीर्घ काळात महाराष्ट्रात काय घडले ते आठवा. सातवाहनांचा व्यापार आणि त्यांची लेणी. वाकाटकांच्या काळातील अजिंठ्याचा दुसरा बहर. त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, तर लोणारच्याच शेजारी. राष्ट्रकूटांचे वेरूळचे कैलास लेणे. यादवांची देवगिरी. ज्ञानेश्वर, नामदेव आणि चक्रधर यांच्या मुखातून उभी राहिलेली मराठी. ज्याला आपण मराठी संस्कृतीची घडण म्हणतो तिचा फार मोठा भाग त्या काळात घडला, जेव्हा लोणारच्या तळाशी दुष्काळाचे स्फटिक वाढत होते.

२०/ आपल्या दोन तालुक्यांच्या परिसरातही हेच दिसते. दौंड तालुक्यातील यवतजवळच्या डोंगरावर यादवकालीन शैलीचे भुलेश्वराचे मंदिर उभे आहे. भीमेच्या पलीकडच्या काठावर पेडगावची कोरीव मंदिरे आहेत. खुद्द लोणारच्या काठावर आणि गावात त्याच काळातली मंदिरे आहेत, त्यांत दैत्यसूदनाचे मंदिर प्रसिद्ध. काठावरची काही मंदिरे तळ्याचे पाणी चढले की पाण्यात जातात. ती बांधली गेली तेव्हा तिथे कोरडी जमीन असणार, हे उघड आहे. दगड घडवणारे हात भुकेले असते तर ही कामे झाली नसती. पाऊस सरासरीने कमी होता, तरीही कोठारात धान्य होते.

२१/ हे कसे शक्य झाले? सरासरी म्हणजे प्रत्येक वर्ष नव्हे, हे पहिले उत्तर. चौदाशे वर्षांच्या कोरड्या पट्ट्यात चांगली वर्षेही येत राहिली असणार. दुसरे उत्तर माणसांचे. तळी, बारवा, बांध, नदीकाठची शेती, कमी पाण्यावर येणारी ज्वारी-बाजरीसारखी पिके आणि मेंढपाळांची फिरती वाट, या सर्वांनी दख्खनच्या समाजाने कोरडेपणाशी तडजोड केली. तिसरे उत्तर व्यापाराचे आणि राज्यव्यवस्थेचे. एका खोऱ्यातील तूट दुसऱ्या खोऱ्यातील धान्याने भरून काढता आली तर दुष्काळाचा महादुष्काळ होत नाही. इनामगावचा चर आणि बांध याच परंपरेचा आपल्याला ठाऊक असलेला एक फार जुना नमुना आहे.

२२/ आता उलटी बाजू पाहू. गेलुसाइटचा दुसरा पट्टा इ.स. १३९० च्या आसपास संपतो. म्हणजे तळ्यात पाणी वाढले, दाटपणा कमी झाला. आणि परंपरेने दख्खनचा सर्वांत भीषण मानलेला दुर्गादेवीचा दुष्काळ सांगितला जातो तो १३९६ ते १४०७ या काळातला! पंधराव्या शतकाच्या मध्यावरच्या दुसऱ्या दुष्काळाशी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा जोडलेली आहे. सरकारी कोठारे त्यांनी भुकेल्यांसाठी उघडली, असे लोकपरंपरा सांगते. खनिजाच्या मते वाईट काळ संपला होता. माणसांच्या स्मृतीत मात्र तेव्हाच तो सुरू झाला.

२३/ दोघांत खोटे कोणी बोलत नाही. छत्तीसगडमधील बस्तरच्या दंडक गुहेत छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने बनलेल्या चुन्याच्या खांबाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तोही कार्बोनेटच, पण साधा, कॅल्शियमचा. त्याचे थर पातळ असल्याने तो काही वर्षांचे चढउतारही दाखवतो. त्यात चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत मोसमी पावसाचे तीव्र आणि लांबलेले अपयश स्पष्ट दिसते. लोणारचे गेलुसाइट शतकांच्या भाषेत बोलते, गुहेचा खांब दशकांच्या, आणि दुष्काळाची बखर एकेका वर्षाच्या. तिघांचे मोजमाप वेगळे आहे. शतकभर ओलसर ठरलेल्या काळातही सलग चार वर्षे पाऊस फसला तर गावे उठतात.

२४/ अलीकडची उदाहरणे घ्या. १८७६–७८ च्या दुष्काळाने आजचा दौंड ज्यात मोडत होता तो जुना भीमथडी तालुका आणि शेजारचा शिरूर यांना पोळून काढले. १९७२ चा दुष्काळ तर आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी आहे. सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे हे शब्द घराघरांत ऐकू येतात. त्याच वर्षांत इनामगावचे उत्खनन चालू होते, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. पण एवढी मोठी आपत्तीसुद्धा एखाद्या सरोवराच्या तळात गेलुसाइटचा स्वतंत्र पट्टा उमटवण्याइतकी दीर्घ नसते. जे खनिजाला क्षण वाटते, ते माणसाचे आयुष्य असते.

२५/ कार्बोनेटांची ही रसायनविद्या केवळ भूतकाळाची नाही. खडकवासल्याहून निघणारा मुठेचा कालवा दौंड तालुक्याला पाणी देतो. त्याने शेती बहरली. पण जिथे निचरा नाही आणि पाणी वारेमाप दिले जाते तिथे जमीन खारवट किंवा चोपण होते. चोपण जमिनीत नेमके काय होते? कॅल्शियम चुनखडीत अडकून बसते आणि सोडियम मोकळे राहून मातीचा कणरचनेचा बांधा मोडते. लोणारच्या पाण्यात हजारो वर्षे चालत आलेल्या क्रियेचेच हे धाकटे रूप आहे. शेतकरी अशा जमिनीत जिप्सम टाकतात ते सोडियमची जागा घ्यायला नवे कॅल्शियम मिळावे म्हणून. एकीकडे पाण्याच्या अभावाने क्षार दाटतात, दुसरीकडे पाण्याच्या अतिरेकाने.

२६/ लोणारही स्थिर नाही. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सर्वत्र छायाचित्रे फिरली. पाणी घटून क्षारता वाढल्यावर क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. सरोवरात मिसळणारे सांडपाणी, वाढणारे वा घटणारे पाणी, यांचा परिणाम केवळ आजच्या जिवांवर होत नाही. गोडे पाणी गेलुसाइट विरघळवते, हे आपण वर पाहिले. तळ्याचा स्वभाव बदलला तर इतिहासाचे हे एकमेव पान पुसट होण्याचा धोका आहे.

२७/ मग इनामगाव का ओस पडले? आज प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते की गावकऱ्यांचे जीवन तीन शतके हळूहळू बदलले, शुष्कतेचा त्यात वाटा असू शकतो, पण लोणारच्या तळात महादुष्काळाची खूण असणारे खनिज त्या काळात दिसत नाही. ‘अमुक संस्कृती दुष्काळाने संपली’ असे एका ओळीचे स्पष्टीकरण वाचनात आले की तीन प्रश्न विचारावेत. दुष्काळाचा पुरावा त्या गावाबाहेरचा आहे का? त्या पुराव्याचे मोजमाप वर्षांचे आहे, दशकांचे की शतकांचे? आणि त्याच कोरड्या काळात दुसरीकडे माणसे कशी तगली?

२८/ तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पाऊस किती पडला हे खनिज सांगते. पडलेल्या आणि न पडलेल्या पावसाचे काय केले हे माणसे ठरवतात. इनामगावच्या कोणा गावकऱ्यांनी घोडेच्या काठी साडेतीन मीटर खोल चर खोदला, यादवकाळात कोणी बारवा बांधल्या, कोणी दुष्काळात कोठारे उघडली. निसर्गाने घातलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजेच इतिहास. कधी शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना इनामगावचा फाटा दिसला तर थांबा. तिथले टेकाड साधेच दिसेल, पण त्याच्या पोटातला प्रश्न अजून सुटलेला नाही. धागा इथे पूर्ण होतो.